राष्ट्राच्या मनाची शिरगणती

प्रजा किती, घरे किती, बैल किती आणि विहिरी किती, हे मोजण्याची विद्या राज्यसंस्थेइतकीच जुनी आहे. परंतु या प्रजेपैकी किती जणांचे चित्त स्वस्थ आहे आणि किती जणांचे व्याधिग्रस्त, हेही दप्तरी नोंदवून ठेवावे, ही बुद्धी राज्यकर्त्यांना व्हावयास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. बैल गोठ्यात जाऊन मोजता येतो, विहिरीत वाकून पाहता येते. मनापर्यंत पोहोचावयाचे तर कोणास तरी विचारावे लागते. आणि एकदा विचारणे आले की कोण विचारतो, कोणाच्या देखत विचारतो, कोणत्या प्रश्नामागून कोणता प्रश्न विचारतो आणि उत्तर दिल्याने पुढे काय होणार आहे, या साऱ्यांची छाया त्या उत्तरावर पडल्याखेरीज राहत नाही. राष्ट्राच्या मनःस्वास्थ्याचे जे आकडे आपण वर्तमानपत्रांत वाचतो ते सारे अशा प्रश्नोत्तरांतून निपजलेले असतात. ते प्रश्नोत्तर विसरून आकडा तेवढा उचलला म्हणजे शास्त्राच्या नावाखाली केवढा अनर्थ होऊ शकतो, याचा दाखला या विद्येच्या अगदी प्रारंभीच मिळतो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी १८४० साली आपली सहावी खानेसुमारी केली आणि तीत प्रथमच वेडे व जडबुद्धी यांच्यासाठी स्वतंत्र रकाने घातले. मोजणी करणारे लोक म्हणजे मार्शल नावाचे सरकारी अंमलदार आणि त्यांचे मदतनीस. वैद्यकाशी त्यांचा काडीमात्र संबंध नव्हता. त्यांनी आणलेल्या आकड्यांची बेरीज झाली तेव्हा असे दिसले की उत्तरेकडील मुक्त राज्यांत दर १६२ कृष्णवर्णीयांमागे एक जण वेडा किंवा जडबुद्धी आहे, दक्षिणेकडील गुलामगिरीच्या राज्यांत हेच प्रमाण १,५५८ मागे एक इतके अल्प आहे, आणि उत्तरेच्या टोकाला असलेल्या मेन राज्यात तर चौदा कृष्णवर्णीयांमागे एक वेडा आहे. गुलामगिरीच्या कैवाऱ्यांना याहून मोठे घबाड कोणते हवे होते? स्वातंत्र्य मिळाले की या लोकांची बुद्धी भ्रष्ट होते, दास्यातच त्यांचे चित्त शांत राहते, असा सिद्धांत त्यांनी या कोष्टकांवरून काढला. आणि १८४४ साली परराष्ट्रमंत्री जॉन कॅल्हून यांनी इंग्रज वकील रिचर्ड पॅकनहॅम यांना लिहिलेल्या खलित्यात, टेक्सासच्या विलीनीकरणाचे समर्थन करताना, हेच आकडे प्रमाण म्हणून पुढे केले.

मॅसॅच्युसेट्समधील एडवर्ड जार्व्हिस नावाच्या वैद्याने ही कोष्टके गावगन्ना ताडून पाहिली, तेव्हा काही गावांत एकंदर कृष्णवर्णीय वस्तीपेक्षा कृष्णवर्णीय वेड्यांची संख्या अधिक भरली, आणि जेथे एकही कृष्णवर्णीय राहत नव्हता तेथेही त्यांच्यातले वेडे मात्र नोंदलेले आढळले. वूस्टर गावच्या नावावर लागलेले १३३ कृष्णवर्णीय वेडे हे वस्तुतः तेथील सरकारी मनोरुग्णालयातील गौरवर्णीय रुग्ण होते. किचकट तक्त्यात एका रकान्यातील आकडा शेजारच्या रकान्यात पडला होता. अमेरिकेच्या नवजात संख्याशास्त्र संस्थेने काँग्रेसकडे रीतसर अर्ज केला आणि माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स यांनी प्रतिनिधिगृहात हा विषय लावून धरला. परंतु कॅल्हून यांनी फेरचौकशीचे काम ज्या विल्यम वीव्हर यांच्या देखरेखीखाली मूळ खानेसुमारी झाली होती त्यांच्याकडेच सोपविले, आणि त्यांना आपल्याच कामात दोष दिसला नाही. आकडे दुरुस्त झाले ते कधीच नाहीत. चूक कारकुनी होती, पण ती टिकली, कारण तिचा उपयोग असणारी माणसे सत्तेवर होती.

जार्व्हिस यांनी यावरून घेतलेला धडा अधिक मोलाचा आहे. १८५४ साली मॅसॅच्युसेट्स राज्यासाठी हीच मोजदाद त्यांच्याकडे आली, तेव्हा त्यांनी मार्शलांना बाजूस ठेवून गावोगावच्या वैद्यांकडे माणसागणिक चौकशी केली, आणि २,६३२ वेडे व १,०८७ जडबुद्धी असा हिशेब मांडला. विचारणारा बदलला की विद्या बदलते, हे त्यांनी कृतीने दाखवून दिले.

हिंदुस्थानात इंग्रज सरकारने १८८१ पासून १९३१ पर्यंतच्या खानेसुमाऱ्यांत वेडे, मूकबधिर, अंध आणि कुष्ठरोगी अशा चार वर्गांची नोंद ठेवली. दर दहा वर्षांनी अहवाल लिहिणारे अधिकारी या कोष्टकांपाशी आले की त्यांची लेखणी अडखळे, कारण ही व्यंगे घरोघर दडविली जातात, आणि स्त्रियांच्या बाबतीत तर विशेषच, हे त्यांना ठाऊक होते. त्यात आश्चर्य ते काय? दारी आलेला प्रगणक हा बहुधा त्याच पंचक्रोशीतला, आणि ज्या घरात लग्नाची मुलगी आहे त्या घरातील वेडसर चुलत्याची वार्ता त्याच्या कागदावर चढली की चांगले स्थळ हातचे जाणार. उलट पिकाची आणेवारी ठरविताना सरकारचा अंदाज वर जाऊ पाहतो आणि गावाचा खाली, कारण पन्नास पैशांच्या खाली आले तरच टंचाईच्या सवलती मिळावयाच्या. अशा ओढाताणीत निदान दोन्ही बाजूंना आपापला स्वार्थ असतो आणि सत्य त्यांच्या मध्ये कोठे तरी सापडते. मनोव्याधीच्या मोजणीत कबुलीने तोटाच तोटा आणि लपविण्याने लाभच लाभ, म्हणून आकडा एकाच दिशेने, खाली, घसरत जातो. १९४६ साली देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा विचार करणाऱ्या भोर समितीला देशातील मनोरुग्णांचा अंदाज करावयाचा होता, तेव्हा तिने हजारी दोन हे बेताचे प्रमाण गृहीत धरले आणि निदान आठ लाख रुग्णांची सोय हवी असताना प्रत्यक्षात दहा हजारांहून थोड्याच अधिक खाटा आहेत, असे सरकारच्या निदर्शनास आणले. साठ वर्षांच्या शिरगणतीनंतरही आधार घ्यावा लागला तो गृहीतकाचाच.

दुसरा मार्ग उघडला तो लोकमत अजमावण्याच्या नव्या शास्त्राने. १९३६ च्या अमेरिकन राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने तेवीस लाखांहून अधिक मतपत्रिका गोळा करून लँडन यांचा विजय वर्तविला, जॉर्ज गॅलप यांनी त्या मानाने अगदी थोड्या परंतु समाजाच्या सर्व थरांतून निवडलेल्या लोकांना विचारून रूझवेल्ट यांचा. आणि अठ्ठेचाळीसपैकी सेहेचाळीस राज्ये जिंकून रूझवेल्ट निवडून आले. नमुना मोठा असण्यापेक्षा तो प्रातिनिधिक असणे महत्त्वाचे, हे सामान्य वाचकालाही त्या दिवशी कळले. महायुद्धानंतर हेच साधन मनाच्या चौकशीला लावण्यात आले. अमेरिकन काँग्रेसने १९५५ साली कायदा करून मनोविकार व मनःस्वास्थ्य यांविषयी संयुक्त आयोग नेमविला, आणि त्या आयोगासाठी मिशिगन विद्यापीठाच्या पाहणी केंद्राने १९५७ साली २,४६० प्रौढ नागरिकांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या.

या पाहणीचे वैशिष्ट्य असे की तिने कोणालाही वेडा किंवा शहाणा ठरविले नाही. तुम्हांला कशाची काळजी वाटते, संसारात समाधान आहे काय, आता आपला धीर पार खचणार असे कधी वाटले काय, आणि वाटले तेव्हा तुम्ही कोणाकडे गेलात, असे साधे प्रश्न तिने साध्या माणसांना विचारले. शेकडा १८.९ लोकांनी असा प्रसंग आपल्यावर आल्याचे सांगितले. शेकडा १४ जणांनी कोणाची तरी मदत घेतली होती. आणि या मदत घेणाऱ्यांपैकी ४२ टक्के धर्मोपदेशकाकडे, २९ टक्के नेहमीच्या डॉक्टरकडे, तर मनोविकारतज्ज्ञ अथवा मानसशास्त्रज्ञ यांच्याकडे अवघे १८ टक्के गेले होते. रुग्णालयाच्या दप्तरावरून राष्ट्राचे मन ओळखू पाहणाऱ्यांना हा मोठाच धक्का होता, कारण ज्या दाराशी दुःख जाते त्या चर्चच्या दाराशी नोंदवही ठेवण्याचा शिरस्ताच नव्हता.

एकोणीस वर्षांनी, १९७६ साली, तेच प्रश्न पुन्हा विचारण्यात आले. धीर खचण्याची वेळ आली असे सांगणारे १८.९ वरून २०.९ टक्क्यांवर गेले होते, म्हणजे फारसा फरक नव्हता. मदत घेणारे मात्र १४ वरून २६ टक्क्यांवर चढले होते. केवळ दुसराच आकडा ज्याच्या हाती आला असता त्याने मनोव्याधी जवळजवळ दुणावल्याची आरोळी ठोकली असती. दोन्ही आकडे शेजारी ठेवले म्हणजे दुःखापेक्षा दुःख बोलून दाखविण्याचा संकोच अधिक बदलला आहे असे दिसते, आणि हा भेद कळला तो प्रश्नाचे शब्द जसेच्या तसे जपून ठेवले म्हणून. एकच पाहणी राष्ट्राविषयी फार थोडे सांगते. तिची पुनरावृत्ती पुष्कळ सांगते.

लोकांना विचारण्याचा हा मार्ग आपत्तीच्या काळीही उपयोगी पडतो, हे १९६३ साली दिसून आले. २२ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली आणि चारच दिवसांनी शिकागोच्या राष्ट्रीय लोकमत संशोधन केंद्राचे मुलाखतकार देशभर घरोघर जाऊ लागले. त्यांनी गाठलेल्या १,३८४ जणांपैकी ५३ टक्के त्या चार दिवसांत रडले होते, ६८ टक्क्यांना कमालीची अस्वस्थता वाटली होती, ४८ टक्क्यांची झोप उडाली होती, ४३ टक्क्यांना अन्न गोड लागले नव्हते. परंतु मुलाखत होईपर्यंत यांतील बहुतेक लक्षणे पुष्कळच ओसरली होती. हीच लक्षणे एखाद्या रुग्णात महिनोन् महिने आढळली तर त्यांना व्याधी म्हणावे लागते. एका राष्ट्राने एका आठवड्यात ती एकदम अनुभवली तर तो शोक होय, आणि शोक हा निरोगी मनाचा धर्म आहे. लक्षणे मोजणारी प्रश्नावली हा विवेक स्वतः करू शकत नाही. तो करावयास काळाची आणि कारणाची नोंद सोबत असावी लागते.

पुढे संगणक व दूरध्वनी यांच्या साहाय्याने ही चौकशी नित्याची झाली. जानेवारी २००८ पासून गॅलप संस्था दररोज सुमारे एक हजार अमेरिकनांना दूरध्वनीवरून विचारू लागली, की शून्यापासून दहापर्यंत पायऱ्या असलेली एक शिडी डोळ्यांपुढे आणा, सर्वांत वरची पायरी म्हणजे तुम्हांला लाभू शकणारे उत्तमातले उत्तम आयुष्य, तर आज तुम्ही कोणत्या पायरीवर उभे आहात? ही शिडी हॅडली कँट्रिल यांनी १९६० च्या सुमारास योजिली होती, आणि ज्या देशांत ती प्रथम लावून पाहण्यात आली त्यांत भारतही होता. पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळविणारे अँगस डीटन यांनी आर्थिक अरिष्टाच्या त्या वर्षांतील उत्तरे तपासली, तेव्हा एक विलक्षण गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. शिडीच्या प्रश्नाआधी देशाच्या राजकारणाविषयी मत विचारले की लोक स्वतःला सुमारे ०.६ पायरीने खाली उतरवीत. ज्यांना तो राजकीय प्रश्न विचारलाच नव्हता त्यांच्या उत्तरात ही उतरण नव्हती. नोकरी गेल्याने मनुष्य जितका खाली येतो त्याहून ही उतरण थोडीच कमी होती! बँका कोसळल्या म्हणून राष्ट्र किती खिन्न झाले हे शोधण्यास निघालेल्या संशोधकाला आधी हे निस्तरावे लागले, की खिन्नतेचा बराच भाग प्रश्नपत्रिकेच्या क्रमातून आला होता.

करोनाच्या साथीत तर या साऱ्या धड्यांची एकत्र परीक्षा झाली. अमेरिकेच्या जनगणना कार्यालयाने २३ एप्रिल २०२० पासून इंटरनेटद्वारे एक शीघ्र पाहणी सुरू केली. पहिल्या फेरीत सुमारे ७४ हजार लोकांनी उत्तरे दिली, आणि चिंता अथवा खिन्नता यांची लक्षणे असलेल्यांचे प्रमाण सुमारे ३६ टक्के निघाले. आदल्या वर्षीच्या पूर्वार्धात राष्ट्रीय आरोग्य पाहणीत हेच प्रमाण ११ टक्के होते. प्रमाण तिपटीहून अधिक वाढल्याची वार्ता जगभर गेली. परंतु आरोग्य पाहणी मुलाखतकार घेत असे, आणि नवी पाहणी लोक पडद्यावर एकट्यानेच भरीत होते. शिवाय ज्यांना विचारणा झाली त्यांपैकी १०० मागे चारांनीसुद्धा उत्तर दिले नव्हते, तेव्हा ज्यांच्या मनाला काही बोचत होते तेच अधिक संख्येने पुढे आले असणे अगदी संभवनीय आहे. त्या वर्षी अमेरिकेत झालेल्या आत्महत्या पाहाव्यात तर त्या आदल्या वर्षीच्या ४७,५११ वरून ४५,९७९ वर उतरल्या. याचा अर्थ लोकांना दुःख नव्हते असा मुळीच नाही. दुःख, व्याधी आणि आत्मघात या तीन निराळ्या गोष्टी असून एकीचा आकडा दुसरीच्या जागी वापरता येत नाही, एवढेच त्यातून निष्पन्न होते.

आता आपल्या देशाकडे वळू. २०११ च्या जनगणनेत घरातील कोणी अपंग आहे काय या प्रश्नाच्या पोटात मनोविकाराचा एक पर्याय होता, आणि त्या पर्यायाखाली सबंध भारतात ७,२२,८२६ माणसे नोंदली गेली. त्यानंतर अवघ्या चार-पाच वर्षांनी बंगळूरच्या निमहान्स या संस्थेने राष्ट्रीय मनःस्वास्थ्य पाहणी केली. बारा राज्यांत प्रशिक्षित मुलाखतकार घरोघर गेले, सुमारे पस्तीस हजार प्रौढांशी त्यांनी ठरावीक प्रश्नावलीनुसार बोलणे केले, आणि १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले. यावरून सुमारे १५ कोटी लोकांना उपचारांची गरज आहे असा अंदाज बांधण्यात आला. सव्वासात लाख आणि पंधरा कोटी! पहिली मोजणी कुटुंबप्रमुखाला परक्यासमोर ‘आमच्या घरात असा कोणी आहे’ हे कबूल करावयास लावीत होती, दुसरी ज्याचे त्याला त्याच्या झोपेविषयी, भुकेविषयी, भीतीविषयी, दारूविषयी विचारीत होती. पहिलीत केवळ उघड, दडविताच न येणारा विकार सापडला. दुसरीत रोज कामावर जाणाऱ्या माणसाची खिन्नताही सापडली. या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, तेव्हा ते १०.६ टक्के मुंबई-पुण्याला किंवा मराठवाड्याला सरळ लावणाऱ्याने थोडे थांबून विचार करावा.

महाराष्ट्राविषयी जो आकडा दरसाल छापून येतो तो आत्महत्यांचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातील १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या असून त्यांपैकी २२,७४६, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा अधिक, महाराष्ट्रातील आहेत. हा आकडा मुळात पोलिसांच्या पंचनाम्यातून येतो. आत्महत्येचा प्रयत्न हा दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमाखाली दीर्घकाळ गुन्हा होता. २०१७ च्या मनःस्वास्थ्य कायद्याने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरण्याचे ठरविले, तेव्हा कोठे त्या कलमाची धार बोथट झाली. जेथे खाकी गणवेश विचारणारा असतो तेथे सुनेच्या मृत्यूविषयी सासरचे लोक काय सांगतील आणि वडिलांच्या मृत्यूविषयी मुले काय सांगतील, हे वेगळे सांगावयास नको. महानिबंधकांच्या नमुना नोंदणीतील घरांत जाऊन, मृत्यूनंतर आप्तांची तोंडी चौकशी करून, संशोधकांनी २०१० साठी सुमारे १,८७,००० आत्महत्यांचा अंदाज काढला. त्याच वर्षी पोलिसांच्या हिशेबात १,३४,५९९ होत्या. पोलिसांच्या आकड्यातील तूट पुरुषांच्या बाबतीत निदान २५ टक्के आणि स्त्रियांच्या बाबतीत निदान ३६ टक्के असल्याचे या संशोधकांनी दाखविले. तेव्हा एखाद्या राज्याचा आकडा मोठा दिसला तर तेथे दुःख अधिक असेल, किंवा तेथील ठाण्यांत नोंद अधिक प्रामाणिकपणे होत असेल. केवळ क्रमवारीवरून यांतील कोणते खरे ते ठरविता येत नाही. कारणांचा रकाना तर याहून नाजूक. २०२२ च्या अहवालात ३१.७ टक्के आत्महत्या ‘कौटुंबिक समस्या’ या सदरात घातल्या आहेत, परंतु कर्ज, पाऊस, दारू आणि दीर्घ खिन्नता ज्या घरात एकत्र नांदली त्या घरातील मृत्यूला एकच कारण लिहिण्याची सक्ती कागदाने केली म्हणजे हवालदाराने दुसरे काय लिहावे?

यावरून हे आकडे निरर्थक आहेत असे कोणी म्हणेल तर ती दुसऱ्या टोकाची चूक होईल. भोर समितीजवळ केवळ गृहीतक होते, आज निदान निमहान्सची एक पाहणी आहे; आणि तिचे सर्वांत उपयुक्त फलित व्याधीच्या प्रमाणापेक्षा वेगळेच आहे. निरनिराळ्या विकारांनी ग्रस्त असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपासून वंचित असल्याचे तिने दाखविले. हा आकडा सरकारवर एक बोजा टाकतो, कारण त्यात केवळ लोकांच्या मनाची नव्हे तर दवाखान्यांच्या दारांचीही मोजणी झाली आहे. राष्ट्राचे मन खरोखर जाणून घ्यावयाचे असेल तर तेच प्रश्न, त्याच क्रमाने, सर्व राज्यांत, ठरावीक वर्षांनी विचारले गेले पाहिजेत. विचारणारा पोलीस किंवा गावचा ओळखीचा अंमलदार नसावा. दिलेले उत्तर गुप्त राहील अशी हमी असावी. आणि ज्याचे उत्तर चिंताजनक आहे त्याला त्याच भेटीत जवळच्या उपचाराचा पत्ता मिळावा. यांतली शेवटची अट केवळ भूतदयेची आहे असे वाटेल, पण मोजणीची अचूकताही तिच्यावरच अवलंबून आहे. आपली व्यथा एकदा परक्याला सांगून काहीच घडले नाही असा अनुभव ज्याला आला तो पुढच्या खेपेस ‘सारे ठीक आहे’ असे सांगून दार लावून घेईल. त्या वर्षीचा आकडा खाली येईल, आणि मंत्रिमहोदय तो सभागृहात सुधारणेचा पुरावा म्हणून वाचून दाखवितील.